इतकी मोठी ॲमेझॉन, मग काठावर शहरं इतकी कमी का?

प्रश्न गोव्यातल्या साखळी गावच्या एका भूगोलाच्या बाईंचा आहे. "नदीकाठी संस्कृती वाढते" हा धडा शिकवून झाला आणि नववीतल्या एका मुलाने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवून विचारलं: ॲमेझॉन जगातली सगळ्यात मोठी नदी, मग तिच्या मुखाशी मोठं शहर का नाही? मानौससारखं मोठं शहर एवढं आत, रानात कसं? काँगोची राजधानीही समुद्रापासून लांबच. आणि आपली मांडवी एवढीशी, तिच्या काठाला मात्र गावाला गाव लागून. बाईंनी शेवटी आणखी एक विचारलंय, ॲमेझॉनवर पूल का नाही. त्याकडे सरतेशेवटी येतो.

मी प्राध्यापक नव्हे. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांवर गेली आणि घरी परतल्यावर मांडवी-जुवारीत बार्जवाल्यांसाठी पाण्याची खोली मोजायचं काम केलं. नदी मला तिच्या तळावरून ठाऊक आहे, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने येईल.

बाई, मुलाला थोडक्यात सांगायचं तर असं सांगा: नदी वर्षाला किती चढते-उतरते यावर माणूस काठावर कसा राहतो ते ठरतं, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठे अडवते यावर शहर कुठे वसतं ते ठरतं. नदीची लांबी-रुंदी परीक्षेपुरती.

आधी चढउताराचं बघू. मांडवीला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत सव्वादोन मीटरच्या आसपास फरक पडतो, तोही दिवसातून दोनदा. मानौस ॲमेझॉनच्या रिओ नेग्रो या उपनदीवर आहे, तिथपर्यंत भरती पोचत नाही. पण ती नदी वर्षातून एकदा साधारण १० मीटर चढते आणि तेवढीच उतरते. पणजीच्या जेटीवर उभं राहून समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडे बघा. जूनमध्ये पाणी तिथे, नोव्हेंबरमध्ये तुमच्या पायाशी. मानौसच्या बंदरात शंभराहून जास्त वर्षं पातळीच्या नोंदी ठेवल्या जातात. जून २०२१ मध्ये तिथल्या मापपट्टीवरची ३० मीटरची रेघ बुडाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीच नदी १३ मीटरच्या खाली गेली आणि २०२४ मध्ये त्याहूनही खाली. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तिथे धक्का बांधला तो तरंगता. पक्का धक्का बांधला असता तर निम्मं वर्ष पाण्याखाली आणि निम्मं वर्ष चिखलावर गेलं असतं.

हा पूर येतोही आपल्यासारखा नाही. आपल्याकडे घाटात दुपारी कोसळला की संध्याकाळी साखळीची वाळवंटी नदी बाजारपेठेच्या दारात. मानौसला पाऊस सगळ्यात जास्त पडतो तो मार्च-एप्रिलच्या सुमारास आणि नदी भरते जूनमध्ये. कारण उतारच नाही. पेरूमधलं इकितोस समुद्रापासून नदीमार्गे सुमारे ३,६०० किमी आत आहे आणि त्याची उंची जेमतेम १०० मीटर. म्हणजे सरासरी धरली तर किलोमीटरला तीन सेंटीमीटर उतार. आमच्या कामात तीन सेंटीमीटर ही चूक म्हणून सोडून द्यायची गोष्ट. तिथे तेवढ्यावर जगातल्या नद्यांच्या एकूण पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा वाहतो, सेकंदाला दोन लाख घनमीटरच्या आसपास. शिवाय नदीचं खोरं विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. दक्षिणेकडच्या मादेइरासारख्या उपनद्या आधी भरतात, उत्तरेकडच्या मागून. सगळ्यांचं पाणी साचत, एकमेकांना मागे रेटत खाली सरकतं.

आता दोन मीटर आणि दहा मीटर या फरकाने काय होतं ते बघण्यासाठी मुलांना दिवाडी बेटावर न्या. मधे पिएदादची टेकडी, घरं तिच्या उतारावर, आणि भोवताली खाजन शेती. त्या शेतातली जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. पाणी आत येत नाही याचं कारण बांध आणि मानस. बांधाच्या पोटातलं लाकडी दार, वरून अडकवलेलं. नदी चढली की बाहेरचं पाणी ते दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. वीज नको, माणूस नको. ओहोटीला त्याच दारात जाळं लावून कोळंबी धरायची, त्या हक्काचा लिलाव गावाच्या उत्पन्नात. आत खारट माती सोसणारा कोरगूट भात. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून नदीकडून काढून घेतलेली आहे, आणि ती राखायची तर बांधाची डागडुजी गावाने मिळूनच करावी लागते. एकट्याचं शेत वाचत नाही. मांडवीकाठच्या गावकीचा पाया मला तिथेच दिसतो, पण तो वेगळा विषय.

मुद्दा असा की दोन मीटर पाणी अडवता येतं. दहा मीटर, तेही चार-सहा महिने, अडवता येत नाही. ॲमेझॉनच्या दोन्ही अंगांना पुराखाली जाणारा पट्टा आहे, त्याला तिकडे वार्झिया म्हणतात. काही ठिकाणी तो पन्नास किलोमीटर रुंदही भरतो. त्यापलीकडची कधीच न बुडणारी जमीन ती तेर्रा फिर्मे. गंमत अशी की चांगली माती वार्झियात, कारण अँडीज पर्वतातून आलेला गाळ दरवर्षी तिथेच बसतो. उंचावरची लाल माती पावसाने धुऊन निघालेली, आपल्या सड्यावरच्या मातीची बहीण. म्हणजे पिकेल तिथे राहता येत नाही आणि राहता येईल तिथे फारसं पिकत नाही. लोकांनी यातून काढलेली वाट बघण्यासारखी आहे. घर खांबांवर, नाहीतर जाड ओंडक्यांच्या तराफ्यावर. पाणी घरात शिरायला लागलं की जमिनीच्या फळ्या काढून वरच्या आडव्या दांड्यांवर टाकायच्या. आणखी चढलं, आणखी वर. जून येईपर्यंत माणसं छताखाली वाकून वावरतात. गुरांसाठी लाकडी माचा बांधतात आणि त्यांच्यासाठी गवत होडीने कापून आणतात. पाणी उतरलं की त्याच चिखलात घाईघाईने मका, शेंगा, कलिंगडं. दोन-तीन घरं, मग मोठी मोकळी जागा, मग पुन्हा दोन-तीन घरं. मुलाला नकाशावर काठ रिकामा दिसला, पण तो रिकामा नाही. तिथल्या वस्त्या छोट्या, विखुरलेल्या आणि बऱ्याचदा हलणाऱ्या असतात, म्हणून नकाशावर टिंब काढण्याजोगं काही हाती लागत नाही.

काठसुद्धा हलतो, हे आपल्याला चटकन पटत नाही. मांडवीचा काठ जांभ्या दगडाचा, शेकडो वर्षांपूर्वीचा धक्का आजही जागेवर सापडतो. इकितोसचा इतिहास बघा. नदीकाठचं म्हणून वसलेलं शहर, आणि मुख्य प्रवाह वळण बदलत शहरापासून दूर सरकला. आता शहराच्या बांधीव काठासमोर ॲमेझॉनऐवजी इताया नावाची छोटी नदी आहे. गाळाच्या नदीत वळणाची बाहेरची बाजू खोल असते म्हणून जहाजाला बरी, पण तीच कोसळत राहते. आतली बाजू स्थिर, पण तिथे पाणी उथळ. बंदर कुठे बांधायचं ही डोकेदुखी ब्रह्मपुत्रेवरही हीच. १९५०च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचं पात्र वर उचललं गेलं आणि दिब्रुगढचा मोठा भाग नदीने खाल्ला. तिच्या पात्रातलं माजुली बेट तर अजूनही झिजतंच आहे.

मग शहर वसतं कुठे? तेर्रा फिर्मेचा कडा जिथे थेट खोल पाण्याला भिडतो तिथे. अशा जागा हजारो किलोमीटरमध्ये मोजक्याच. ओबिदुसला नदी चिंचोळी होऊन दोन किलोमीटरच्या आसपास येते, साठ मीटरहून खोल होते, आणि वर कडा आहे. पोर्तुगिजांनी तिथे किल्ला बांधला यात नवल नाही. समुद्राच्या भरतीची शेवटची चाहूलही तिथवर लागते, मुखापासून सुमारे ८०० किमी आत. आपल्या मांडवीत भरती गांजेपर्यंत चढते, मुखापासून पन्नासेक किलोमीटर. दोन्हीकडे तत्त्व तेच, आकडे वेगळे.

मानौस आणि सांतारेम यांची गोष्ट मला जास्त आवडते, कारण त्यात पणजी आहे. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा नद्यांनी आपापल्या दऱ्या खोल कोरल्या. पुढे समुद्र वर आला आणि त्या दऱ्या बुडाल्या. मांडवी आणि जुवारीची मुखं एवढी रुंद दिसतात ती यामुळे. ८०-९० किलोमीटरच्या नदीला एवढं पात्र एरवी शोभत नाही. ॲमेझॉनच्या मुख्य नदीने आपली दरी अँडीजच्या गाळाने भरून टाकली. पण रिओ नेग्रो आणि तापाजोस या उपनद्या गाळ फारसा आणत नाहीत, त्यामुळे त्यांची मुखं बुडालेल्या दऱ्याच राहिली: रुंद, खोल, शांत, पक्क्या काठाची. मानौस पहिलीच्या मुखाशी, सांतारेम दुसरीच्या. दोन्ही शहरं मुख्य नदीला लागून असूनही तिच्या गाळापासून नि कोसळत्या काठापासून बाजूला. नेग्रोचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि आम्लधर्मी असल्यामुळे तिथे मच्छरही कमी, हा वरचा फायदा. मानौसच्या खाली हे काळं पाणी आणि सोलिमोएसचं (मानौसच्या वर मुख्य ॲमेझॉनला हेच नाव) मातकट पाणी कित्येक किलोमीटर शेजारी-शेजारी वाहतं, मिसळत नाही. तापमान, वेग आणि घनता वेगवेगळी असल्यामुळे. एकाच बोटीतून एक हात इकडे आणि एक तिकडे घातला तर फरक कळतो.

आता मुख. मुलाचा खरा प्रश्न हाच होता. आमचं जहाज बॉक्साइट भरायला त्रोंबेतास नदीवरच्या बंदरात जायचं, म्हणजे ॲमेझॉनमधून जवळजवळ हजार किलोमीटर आत. किनारा दिसायच्या कितीतरी आधी पाण्याचा रंग बदलतो. मुखावर चिखलाचा प्रचंड दांडा, म्हणजे पाण्याखालचा उथळ उंचवटा, आहे, बार्रा नोर्ते नावाचा. साडेअकरा मीटरच्या आसपास बुडालेलं जहाज त्यावरून न्यायचं तर भरतीची वेळ साधावी लागते. जगातल्या सर्वांत मोठ्या नदीत शिरताना कप्तानाला खाली किती पाणी उरलंय हे मोजत बसावं लागतं, यावर नव्या पोरांचा विश्वास बसत नसे. वर आणखी एक भानगड. नदीचा रेटा एवढा की खारं पाणी आत शिरतच नाही, आणि गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं. त्या आकाराच्या जहाजाला हा फरक जवळजवळ फूटभराचा. बंदरात भरताना हिशेब गोड्या पाण्याचाच धरायचा, कारण दांडा ओलांडेपर्यंत समुद्राच्या पाण्याची मदत मिळत नाही. जाताना पाण्यात गवताची तरंगती बेटं, अख्खे ओंडके. पायलट मकापाजवळच्या फाझेंदिन्यापासून चढतो आणि दोघे आळीपाळीने जागतात.

असल्या मुखावर शहर कोण वसवणार? बेटं, चिखल, दरवर्षी सरकणारे मार्ग, मधे माराजो बेट ४०,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे अख्खा गोवा त्यात दहा वेळा मावेल. बेलेम १६१६ मध्ये पोर्तुगिजांनी वसवलं ते माराजोच्या दक्षिणेला, मुख्य प्रवाहापासून बाजूच्या खाडीवर. तिथून नदीवर नजर ठेवता येते आणि नदीच्या गाळाशी संबंध येत नाही. आज तिथे १३ लाखांच्या आसपास वस्ती आहे, मानौसला २० लाखांवर. तेव्हा मुखाशी शहर आहेच, फक्त मुलाने जिथे बोट ठेवलं तिथून थोडं खाली.

आपल्या इतिहासातही हेच घडलं. कदंबांची गोपकपट्टण ही राजधानी जुवारीवर, आजच्या गोवा वेल्हाच्या बाजूला. बंदर गाळाने भरत गेलं आणि व्यापार मांडवीवर एल्याला, म्हणजे जुने गोव्याला, सरकला. पुढे तिथली हवा नि पाणी नासलं, साथींनी शहर ओस पडलं. व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला आला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मांडवीच्या मुखावर आग्वादचा रेतीचा दांडा आहेच. पावसाळ्यात तो अडवतो, म्हणून खनिजाच्या बार्जी जोरात होत्या तेव्हा पावसाळ्यात त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जायच्या. तो कालवा नसता तर चार महिने धंदा बंद.

काँगोची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे, आणि मला वाटतं वर्गात तीच आधी सांगावी, कारण ती चटकन डोक्यात बसते. तिच्या मुखाशी दांडाही नाही आणि त्रिभुज प्रदेशही नाही. समुद्रतळावरची एक खोल दरी थेट मुखाच्या आत शिरलेली आहे आणि नदीचा गाळ तिच्यातून खोल समुद्रात निघून जातो. जहाज सरळ आत जातं, दीडशे किलोमीटरवर मातादीला. आणि तिथे संपलं. पुढे लिव्हिंग्स्टन धबधब्यांची मालिका, सुमारे ३५० किलोमीटरमध्ये २७० मीटरची उतरंड. त्याच्या वर नदी पसरून मालेबो नावाचा तलाव होते, आणि तिथून किसांगानीपर्यंत १,७०० किलोमीटर बोट बिनधास्त चालते. म्हणजे वरून आलेला माल मालेबोपाशी उतरवायलाच हवा आणि खालून आलेला तिथे चढवायलाच हवा. त्या जागेवर किन्शासा आहे, दीड कोटींच्या आसपास वस्तीचं. समोरच्या काठावर ब्राझाव्हिल, दुसऱ्या देशाची राजधानी. वरच्या टोकाला बोयोमा धबधब्याने वाट अडवली, तिथे किसांगानी. खालच्या टोकाला मातादी. तीन शहरं, तिन्ही नदीने अडवलेल्या जागी. मातादी ते किन्शासा रेल्वे १८९८ मध्ये पुरी झाली ती मजुरांचे बळी घेत. तोवर हमाल डोक्यावर ओझी घेऊन तो पट्टा चालत होते. काँगो विषुववृत्त दोनदा ओलांडते, कुठेतरी पावसाळा चालूच असतो, त्यामुळे तिचा चढउतार मानौसच्या मानाने फारच कमी. एवढं मोठं शहर अगदी पाण्याला टेकून बसू शकलं त्यात याचाही वाटा.

गोव्यात याचा नमुना हवा असेल तर उसगाव आणि सावर्डे. बार्ज जाऊ शकते तिथपर्यंत नदी, त्यापुढे ट्रक. खाणी जोरात असताना तिथे गॅरेजं, खानावळी, पतपेढ्या उभ्या राहिल्या त्या त्याच हिशेबाने, आणि २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर ओस पडल्या त्याही त्याच हिशेबाने. मानौसने हे मोठ्या प्रमाणावर भोगलंय. रबराच्या पैशावर १८९६ मध्ये तिथे संगमरवरी ऑपेरागृह उघडलं. रबराचं बी मात्र १८७६ मध्येच इंग्रजांनी बाहेर नेलं होतं. आशियातल्या मळ्यांचा माल बाजारात आला आणि शहराचा दिवा मंदावला. १९६७ मध्ये करमुक्त क्षेत्र झालं तेव्हा कुठे ते सावरलं. जाता जाता, काजू ब्राझीलहून पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणला हे मुलांना ठाऊक असतं. रबराची ही गोष्ट त्याच्या शेजारी ठेवा.

नदीला न विचारता जागा निवडली तर काय होतं त्याचं उदाहरण तापाजोसवर आहे. अमेरिकन मोटारवाला हेन्री फोर्ड याने १९२८ मध्ये रबरासाठी फोर्डलांदिया नावाचं गाव वसवलं. नदी उतरलेल्या महिन्यांत मोठी जहाजं तिथवर पोचत नसत, जमीन डोंगराळ, आणि शेवटी पानांवरच्या करप्याने झाडं खाल्ली. बराचसा कारभार १९३४ पासून सांतारेमजवळच्या सपाट पठारावर, बेलतेराला, हलवावा लागला. तिथल्या काठावरच्या कुठल्याही म्हाताऱ्या नावाड्याने पाण्याचं सांगितलं असतं.

"रानात" हा मुलाचा शब्दही तपासून घ्या. १५४१-४२ मध्ये ओरेयाना नावाचा स्पॅनिश सरदार अँडीजकडून निघून ॲमेझॉनमधून समुद्रापर्यंत गेला. बरोबरच्या कार्वाहाल या पाद्र्याने काठावर दाट वस्त्या पाहिल्याचं लिहून ठेवलं. नंतर गेलेल्यांना तसं काही दिसेना, म्हणून त्याला थापाड्या ठरवलं गेलं. आता त्याच काठावरच्या कड्यांवर काळ्या मातीचे मोठे थर सापडतात, त्यात कोळसा, हाडं, खापऱ्या. माणसांनीच शेकडो वर्षं राहून बनवलेली माती. माराजोवर मातीचे उंचवटे आहेत, पुराच्या वर राहण्यासाठी बांधलेले. इक्वादोरमधल्या उपानो खोऱ्यात रस्ते आणि चौथऱ्यांचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं जाळं विमानातून लेसरने मोजून काढलं, ते २०२४ मध्ये जाहीर झालं. युरोपातून आलेल्या देवी-गोवराच्या साथींनी माणसं मेली आणि रान परत आलं. आज दिसणाऱ्या रानातला काही भाग जुन्या वस्त्यांवर वाढलेला आहे.

मेकाँगबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती साखळीच्या मुलांना आवडेल. कंबोडियात तोनले साप नावाचं सरोवर आहे. कोरड्या दिवसांत त्याचं पाणी त्याच नावाच्या नदीवाटे मेकाँगला मिळतं. पावसाळ्यात मेकाँग एवढी चढते की ही तोनले साप नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर अडीच हजार चौरस किलोमीटरवरून पंधरा हजारांच्या आसपास पसरतं. माशांची पैदास बुडालेल्या रानात होते, आणि काठची गावं उंच खांबांवर किंवा तरंगती. नोम पेन्ह शहर नेमकं या नद्यांच्या संगमावर आहे. पाणी पुन्हा सुलटं वाहू लागतं त्या सुमारास, कार्तिकी पौर्णिमेला, तिथे होड्यांच्या शर्यतींचा मोठा उत्सव असतो. आणि त्याच पौर्णिमेला आपल्या विठ्ठलापूरला वाळवंटीत त्रिपुरारीच्या नौका सजवून सोडतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध जोडू नका, पण पावसाळा सरून नदी शांत झाली की माणसाला होडी बाहेर काढावीशी वाटते, एवढं वर्गात बोलायला हरकत नाही.

नायजरचं थोडक्यात: उगम समुद्रापासून अडीचशे किलोमीटरच्या आतच, पण नदी पाठ फिरवून सहाराकडे जाते आणि ४,००० किलोमीटरहून जास्त वळसा घेऊन समुद्र गाठते. मालीतल्या सपाटीवर ती इतकी पसरते की गिनीतल्या पावसाचं पाणी टिंबक्टूजवळ पोचायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो, आजूबाजूला टिपूस नसताना. होड्या थांबतात आणि उंट सुरू होतात, त्या जागी टिंबक्टू.

आता साखळीचंच. चोर्ला घाटाची वाट खाली उतरून नदीला मिळते तिथे बाजार बसला, हे समजण्यासारखं. पण वाळवंटीला घाटातलं पाणी आणि खालून येणारी भरती एकाच वेळी भेटली की पाण्याला जायला वाट राहत नाही आणि बाजारात शिरतं. पावसाचा अंदाज ऐकताना भरतीचं कोष्टक शेजारी ठेवलं पाहिजे. उधाणाचे दिवस अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन, हे मच्छीमाराच्या मुलाला विचारलं तरी तो सांगेल. जुनी घरं बघा, नदीपासून किती वर आहेत. नवी बांधकामं बघा. यावर मी जास्त लिहिलं तर उत्तर भलतीकडे जाईल.

वर्गासाठी एक काम सुचवतो. गोव्याचा नकाशा द्या आणि मांडवीकाठच्या गावांपुढे मुलांना एवढंच लिहायला सांगा: इथे कोण थांबायचं आणि का? फेरी होती म्हणून, बार्ज पुढे जात नव्हती म्हणून, घाटवाट उतरते म्हणून, टेकडी पाण्याला टेकते म्हणून. मग तोच प्रश्न घेऊन काँगोच्या नकाशाकडे जा. ॲमेझॉन सगळ्यात शेवटी घ्या, ती सगळ्यात अवघड आहे.

राहिला पूल. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या मुख्य प्रवाहावर एकही पूल नाही. बांधता येत नाही असं नव्हे. मानौसला रिओ नेग्रोवर साडेतीन किलोमीटरचा पूल २०११ पासून आहे. मुख्य नदीवर मात्र दोन्ही बाजूंना पुराचा रुंद पट्टा, खाली खोल मऊ गाळ, काठ सरकता, आणि पुलाने जोडावेत असे रस्तेच फारसे नाहीत. रस्त्याचं काम नदीच करते. आपल्याकडे मांडवीवर पणजीला तीन पूल शेजारी-शेजारी उभे आहेत. पहिला १९७० मध्ये झाला आणि जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा लोकांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभं राहावं लागलं होतं. घरातल्या मोठ्यांना विचारलं तर मुलांना त्याच्या गोष्टी मिळतील. किन्शासा आणि ब्राझाव्हिलची अडचण आणखी निराळी. पूल झाला तर माल पलीकडच्या देशातल्या प्वांत-न्वार बंदराकडे वळेल आणि मातादी बसेल, ही भीती किन्शासाच्या बाजूला आहे. बोलणी वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि दोन राजधान्यांमधले लोक आजही पासपोर्टवर शिक्का मारून लाँचने नदी ओलांडतात.